डब्यात टाकलेली टीप

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आपले नवे व्यवस्थापकसाहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले कॅप्टन, या हॉलमध्ये आज पहिल्यांदाच बसून चहा घेणाऱ्या त्यांच्या मिसेस, मोठे आचारी, समोर बसलेली वेटर आणि रिसेप्शनची मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही सवयीने मागच्या दाराशी उभे राहिलेले लाँड्रीतले, भांडीघरातले, बागेतले माझे सोबती. या ना आत. बसा. आज कोणी ऑर्डर घ्यायला उठणार नाही.

मी इथला स्टोअरकीपर. आमच्या खात्यात बोलायचं काम पडत नाही. लोक साबण मागतात, मी साबण देतो. खरं म्हणजे आज इथे माझी बायको बोलणार होती. कॅप्टननी तिला फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, माझ्या निरोपाला तुम्हीच बोलायचं. बाकीचे नुसतं चांगलं बोलतील." ती गेल्या वर्षी गेली, हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून मी उभा आहे. तिच्यासारखं मला जमणार नाही. सांभाळून घ्या.

कॅप्टनच्या घरून आलेल्या पाहुण्यांसाठी एक सांगतो. आमच्याकडे वेटरांच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात. जहाजाचा काही संबंध नाही. मागे तळं आहे, पण त्यात पायाने मारायच्या दोन होड्या आहेत आणि त्यातल्या एकीतही कॅप्टन कधी बसले नाहीत. कपड्यांची इस्त्री मोडते म्हणून.

ती इस्त्री कोण करायचं? शिवणखोली आणि लाँड्री मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे. माझी बायको शिवणखोलीत होती. फाटक्या चादरी, पडद्यांच्या कडा, तुमच्या सगळ्यांच्या कोटांची बटणं. तिला सगळे शिवणवहिनी म्हणायचे. दुपारी पाहुणे झोपले, की तिकडून तिच्या मशीनचा आवाज स्टोअरपर्यंत यायचा. मला घड्याळ लागायचं नाही. मशीन थांबलं की चहाची वेळ झाली, असं समजायचं.

त्या काळी टिपेचा कारभार सरळ होता. पाहुणा ज्याच्या हातावर ठेवील, त्याची. पाहुणा ठेवतो कोणाच्या हातावर? जो शेवटी समोर येतो त्याच्या. बॅग गाडीत ठेवणारा, बिल आणणारा. चादर धुणारीला पाहुणा पाहतच नाही, तर देणार कुठून? त्यात कोणाचा दोष नव्हता. पण बिल कोणी न्यायचं यावरून ह्याच दाराशी आपसात ओढाताण व्हायची. मोठे आचारी हसताहेत, त्यांनी ट्रे पडलेले पाहिले आहेत.

कॅप्टननी ते बंद केलं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, झाकणाला फट पाडली, आणि भिंतीवर स्वतःच्या अक्षरात सूचना लावली. "ज्याला जी टीप येते, ती त्याने या डब्यात टाकावी. महिन्याअखेरीस टाकणाऱ्यांमध्ये सारखी वाटणी होईल."

महिनाअखेर आली. दुपारची जेवणं उरकल्यावर ह्याच हॉलमध्ये डबा उघडला. वेटर सगळे टेबलाभोवती. कॅप्टननी हात घातला आणि आतून निघाली कापडाची एक पट्टी. जुन्या चादरीची, पांढरी, वीतभर. मधून लाल दोऱ्याची एक सरळ टीप मारलेली.

त्या वेळचे थोरले वेटर, आम्ही त्यांना मिशीवाले म्हणायचो, एकदम तापले. "ही कसली चेष्टा? कोणाची ही?"

"माझी," दारातून आवाज आला. शिवणवहिनी उभी. "चेष्टा कसली, भावोजी? मला जी येते ती टाकली. मी दिवसभर टिपाच मारते."

"अहो, टीप म्हणजे पैसे!"

"तसं लिहायचं होतं मग. भिंतीवर टीप लिहिलंय. वाचता मलाही येतं."

"उद्या माळी येऊन पालापाचोळा टाकेल डब्यात!"

"टाकू दे की. पाहुणे बागेत उभे राहून फोटो काढतात. तुमच्या ट्रेजवळ उभं राहून काढलेला एक तरी दाखवा."

सगळे हसले. मिशीवाले सोडून. मी तेव्हा साबणाची खोकी घेऊन बाहेरच उभा होतो. खरं सांगू? आता हिची नोकरी जाते आणि मागोमाग माझी, असं वाटलं. कॅप्टन मात्र पट्टी हातात धरून भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. सूचना वाचली. परत वाचली. मग म्हणाले, "नियम माझा आहे. अक्षर माझं आहे. वहिनींना आलेली टीप वहिनींनी टाकली आहे. त्यांचीही वाटणी धरा."

पुढच्या महिन्यात डब्यात भांडीघरातल्या बशीताईंनी फुटलेल्या कपाचा कान टाकला. माळीकाकांनी खरंच एक पान टाकलं, पण धुऊन पुसून. कॅप्टन म्हणाले, "पुरे आता, समजलं मला. डबा भरला तर पैसे कुठे ठेवायचे?" तेव्हापासून वाटणी सगळ्यांची झाली. पुढच्यांची आणि मागच्यांची.

हे सोपं नव्हतं बरं का. वेटरांचा वाटा कमी झाला. त्यांनाही घरं होती, मुलांच्या फिया होत्या. काही जण कॅप्टनशी कामापुरतंच बोलायचे. मिशीवाल्यांनी तर आमच्या हिच्याशी अख्खा हंगाम बोलणं टाकलं. मग एका लग्नाच्या पार्टीत, केक उचलायला वाकले आणि पँट मागून उसवली. ट्रे पाठीमागे धरून शिवणखोलीत आले. "वहिनी, जरा दुहेरी टीप मारा."

ही म्हणाली, "दुहेरी? मग मला वाटे दोन लागतील."

तिथे ते हसले. मग शेवटपर्यंत बोलणं तुटलं नाही.

ती पट्टी डब्यातच राहिली. डबा उघडला की कॅप्टन आधी पट्टी काढून टेबलावर ठेवायचे, मग वाटणी, आणि शेवटी पट्टी परत आत. नवीन वेटर विचारायचे, हे काय? कॅप्टन म्हणायचे, "ही पहिली टीप. हिला आधी बाहेर काढायचं." बास. जास्त सांगायचे नाहीत.

पुढे बिलावर सेवाशुल्क छापून येऊ लागलं. पाहुण्यांना वाटतं, दिलेच की पैसे. त्यांचंही बरोबर आहे. डबा हलका होत गेला आणि एक दिवस माझ्या स्टोअरमध्ये आला, वरच्या फळीवर. सेवाशुल्क ऑफिसात जमा होतं आणि तिथून पगाराबरोबर मिळतं. तेव्हा कॅप्टन आधीच्या साहेबांकडे गेले आणि डब्याची रीत त्यांनी कागदावर आणून घेतली. म्हणून आजवर लाँड्रीला, भांडीघराला वाटा येत राहिला.

आता नवीन सूचना लागली आहे. पुढच्या महिन्यापासून सेवाशुल्क "पाहुण्यांना प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांना" मिळेल. साहेब, मी तक्रार करत नाही. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला वरून हिशेब येतात, हे मी समजतो. पण मागचे लोक खुर्च्या असून का बसले नाहीत, ते मला माहीत आहे. त्यांना वाटतं, आपण आता ह्या हॉलचे राहिलो नाही. कॅप्टन परवा माझ्या स्टोअरमध्ये येऊन खोक्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी नाहीत, मी चाललो. आता वाचून कोण दाखवणार?"

मला वाद घालता येत नाही. वाचता येतं. म्हणून फक्त एक शब्द वाचून दाखवतो. प्रत्यक्ष. पाहुणा रात्रभर ज्या चादरीवर झोपतो, ती त्याच्या अंगाला लागते. याहून प्रत्यक्ष काय असतं, मला सुचत नाही. शब्द तुमचा आहे साहेब, अक्षरही तुमचं आहे. आपणच ठरवा.

सकाळी मी तो डबा खाली काढला. पट्टी आणली आहे. ही बघा. लाल दोरा जरा विटलाय. कॅप्टनना भेट म्हणून द्यावी असं मनात होतं, पण आत्ता इथे बसल्या बसल्या त्यांनी मला खुणेनेच सांगितलं, तिकडे द्या. म्हणून साहेब, ही आपल्या टेबलासाठी.

देण्याआधी एक सांगायचं राहिलं. माझी बायको शिवणीत फार काटेकोर. टिपेच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय दोरा तोडायची नाही. या पट्टीला मात्र एकाच टोकाला गाठ आहे. मी तिला घरी विचारलं होतं, अगं, ही विसरलीस का? ती म्हणाली, "मुद्दाम मारली नाही. ज्याला आमची टीप नको असेल, त्याने दोरा ओढावा. सरकन निघेल. बघू तरी कोण ओढतंय."

इतकी वर्षं ती पट्टी ह्या टेबलावर ठेवली गेली. मिशीवाल्यांनीही हातात घेतली होती. दोरा कोणी ओढला नाही.

कॅप्टन, तुम्हाला आणि तुमच्या मिसेसना आम्हा सगळ्यांकडून पुढच्या दिवसांसाठी शुभेच्छा. आता घरी तरी चहा बसून प्या. मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात लहानमोठं काही चुकलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझं धरा, तिचं धरू नका.

साहेब, हात पुढे करा. या बाजूने धरा. त्या टोकाला गाठ नाही.