सगळ्यांसाठी खुलं

ओहायोतल्या आमच्या कोर्टात मी रांगेत होतो. पुढे खिडकीशी एक बाई, आत कारकून बाई.

"टेक्सासच्या कोर्टात माझी केस आहे, तिथलं समन्स होतं. नवऱ्यानं मोडलेला हात ज्यांनी बसवला, त्या इथल्या डॉक्टरांच्या साक्षीसाठी."

"हो, मिसेस टॅकेट. परराज्यातलं समन्स इथं तसंच चालत नाही, म्हणून सोमवारी आमचा शिक्का मारला."

"पण त्यावर वकिलानं माझा इथला पत्ता घातलाय! तेवढा झाका."

"आता कसा झाकणार? दाखल झालं की सगळ्यांसाठी खुलं. आधी अर्ज करायचा होता."

"मला कोण सांगणार हे?"

"तुमचा वकील."

"तो म्हणतो, खिडकीवर विचारा! अहो, त्या माणसापासून पळून आलेय मी. कुणी बघितलं तर नाही ना ते?"

"आम्ही नाव विचारत नाही कुणाचं. नियमच आहे."

"म्हणजे कुणीतरी आलं होतं?"

"सकाळी एक जण प्रत घेऊन गेला. फार सभ्य हो, टोपी काढून बोलला. गावात नवखा होता बिचारा, म्हणून तुमची गल्ली मीच नकाशावर दाखवली."