जामिनाची सही

मागच्या मंडळींनी जरा पुढं सरका. सतरंजी मोकळी आहे आणि माझा आवाज बसलाय. हां. असं.

एक सवाल टाकतो, उत्तर लगेच देऊ नका. देणं कागदावर फिटलं, शिक्का बसला, साहेबानं सही केली — तर माणूस मोकळा झाला का?

तुम्ही म्हणाल, बुवा, झाला की. कागद आहे ना हातात. बरं. तर ऐका, अशाच एका कागदवाल्याची गोष्ट सांगतो.

निवृत्ती खराडे त्याचं नाव. आता भोसरीला एका कारखान्यात फिटर आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका सूतगिरणीत कामाला होता. त्याच्या शेजारच्या यंत्रावर हणमंत लोहकरे. दोघांचा डबा एक, तंबाखूची डबी एक, पाळीसुद्धा एक. निवृत्तीच्या डोक्यात आलं, नोकरीत काय आहे, टेम्पो घेऊ. गिरणीतल्या कामगारांची पतसंस्था होती. साठ हजार कर्ज मिळेल म्हणाले, पण जामीन पाहिजे.

जामीन म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं जामीन कसा होतात? गिरणीसमोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. निवृत्ती म्हणाला, "हणमा, एक सही लागती."

हणमंत म्हणाला, "कुठं करू?"

झालं. वाचलं नाही, विचारलं नाही. तर्रीचा डाग पडला कागदावर, तोसुद्धा तसाच संस्थेत गेला. वाचून सही करणं म्हणजे दोस्तावर संशय घेणं, असं मानणारी माणसं आपण. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी असंच केलंय.

टेम्पो आला. आठ महिने चालला, नवव्या महिन्यात घाटात उलटला. निवृत्ती वाचला, टेम्पो भंगारात गेला. हप्ते थकले. संस्थेचा वसुलीचा माणूस दारात येऊन बसायला लागला. आणि एके दिवशी पहाटेच्या गाडीनं निवृत्ती बायकोपोरांना घेऊन पुण्याकडं गेला. हणमंताला सांगितलं? नाही. तोंड कुठलं दाखवणार? भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. वसुलीवाल्यांचे फोन तिथंही आले. वर्षभर आले. नंबर ओळखीचा दिसला की निवृत्ती फोन बायकोच्या हातात द्यायचा, आणि विमल म्हणायची, "ते घरात नाहीत." हा तिथंच भिंतीला टेकून बसलेला असायचा.

मग एकाएकी फोन थांबले.

निवृत्तीला वाटलं, विसरले. अहो, पतसंस्था विसरते का कधी? देव एकवेळ विसरेल, संस्थेचा लेजर विसरणार नाही. पण भित्र्या माणसाला शांतता मिळाली की तो कारण विचारत नाही. त्यानंही विचारलं नाही.

तेरा वर्षं गेली. पोरं मोठी झाली. दोन खोल्यांत चौघं. घरमालक दर अकरा महिन्यांनी करार संपला म्हणून भाडं वाढवायचा. विमल म्हणाली, "आता पुरे. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या भिंतीला खिळा ठोकू द्या मला." बाई काय वावगं बोलली? फ्लॅट बघितला. विमलनं पाटल्या मोडल्या, दोन लाख विसार दिला. बिल्डरनं लिहून घेतलं, पाडव्यापर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर विसार बुडाला. वीस दिवस होते हातात.

बँकेतल्या बाईंनी संगणकावर बघितलं आणि म्हणाल्या, "खराडे, तुमच्या नावावर एक जुनं थकलेलं कर्ज दिसतंय. पतसंस्थेचं. ते मिटवा, काही बाकी नसल्याचा बेबाकी दाखला आणा, मग पुढचं बोलू."

निवृत्ती घरी आला. त्या रात्री जेवला नाही. बायकोचा भाऊ, बचतगट, कारखान्यातला मुकादम — सगळ्यांकडून जमवून नव्वद हजार केले. पिशवी पोटाशी धरून गावाकडं आला. संस्थेची पायरी चढला. आतला कारकून नवा होता, ओळखत नव्हता. तेवढंच बरं वाटलं त्याला.

कारकुनानं खातं काढलं. बोट फिरवलं. म्हणाला, "खराडे, तुमच्याकडं काही येणं नाही."

"म्हणजे?"

"खातं बंद आहे. दहा वर्षं झाली. बँकेला आमच्याकडून कळवायचं राहिलं असंल. दाखल्याचे पन्नास रुपये द्या."

"पण मी तर भरले नाहीत."

"जामीनदाराच्या पगारातून कपात झाली की. लोहकरे. महिना चोवीसशे, अडतीस महिने. व्याजासकट एक्याण्णव हजार दोनशे."

मंडळी, फोन का थांबले ते कळलं? त्या महिन्यापासून हणमंताच्या पगाराला कात्री लागली होती. निवृत्ती ज्या शांततेत झोपत होता, तिचे पैसे हणमंत भरत होता.

दाखला हातात आला. गोल शिक्का, निळी सही. निवृत्ती बाहेर आला. उन्हात उभा राहिला. हणमंताचं घर आठवडी बाजाराच्या मागं, चालत दहा मिनिटं. पुण्याची गाडी साडेचारची. पोटाशी नव्वद हजार.

तो कुठं गेला असेल? सांगा की. ...गप्प का? आपण त्या जागी असतो तर कुठं गेलो असतो, तेच आठवलं ना?

तो स्टँडवर गेला. मनाला म्हणाला, आधी घर होऊ दे. वीस दिवसांतले चारच उरलेत. घर झालं की हणमंताकडं जातो, पायावर डोकं ठेवतो, पैसे देतो. आधी घर, मग हणमंत. मन फार हुशार वकील आहे बघा, फीसुद्धा घेत नाही.

कर्ज मंजूर झालं. नव्वद हजारांतले पन्नास मुद्रांकाला गेले. उरलेले? स्वयंपाकघराच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवला. विमलनं एकदा विचारलं, "अहो, ते जामीनदाराचं?" निवृत्ती म्हणाला, "बघू. पगार झाला की." असे आठ पगार झाले.

वास्तुशांत ठरली. मग त्याला वाटलं, आता तरी गेलं पाहिजे. पेढ्यांचा पुडा, पत्रिका आणि पाकिटात वीस हजार घेऊन तो हणमंताच्या दारात उभा राहिला.

दार हणमंतानंच उघडलं. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. बघितलं, ओळखलं. रागावला नाही. म्हणाला, "ये. आत ये. पोरी, पाणी आण गं."

पाणी घेऊन आली ती अर्चना, हणमंताची थोरली. तिशीची. निवृत्तीनं तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तिनं पत्रिका वाचली आणि सरळ मनानं विचारलं, "काका, घर मोठं आहे का?"

निवृत्तीनं पेला खाली ठेवला. म्हणाला, "हाय... बरं हाय. तू काय करतीस?"

"कापडदुकानात. साड्यांच्या घड्या घालते." आणि आत गेली.

निवृत्तीनं पाकीट पुढं केलं. "हणमा, हे वीस हाय. बाकीचे वर्षात देतो. माझं चुकलं."

हणमंतानं पाकिटाकडं बघितलंच नाही. हळू बोलत होता, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "अर्चीचा नर्सिंगला नंबर लागला होता. सरकारी कॉलेज. फी भरायची तारीख आणि कपात सुरू झाली, एकाच महिन्यात. मी म्हणलं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी नंबर लागला नाही. तिनं कधी तुझं नाव घेतलं नाही. तिला माहीतच नाही. मी सांगितलं, गिरणीनं पगार कमी केलाय."

"मला एकदा कळवायचं होतंस."

"कुठं? तू पत्ता ठेवला होतास? फोन केला तर वहिनी म्हणायच्या, घरात नाहीत." मग म्हणाला, "पैशाचं सोड, निवृत्ती. तू येऊन नुसतं म्हणला असतास, हणमा, अडकलोय — तर दोघांनी मिळून भरलं असतं. बाराशे तू, बाराशे मी. फीसुद्धा बसली असती त्यात. तीन वर्षं वाट बघितली मी. गाडी लागली की स्टँडवर जायचो, आज उतरंल म्हणून."

निवृत्ती रडायला लागला. पाकीट हणमंताच्या हातात कोंबू लागला.

हणमंतानं ते परत त्याच्या खिशात घातलं. "नको. हे घेतलं तर फिटलं असं तुला वाटंल."

चहा झाला. हणमंत दारापर्यंत आला. वास्तुशांतीला आला नाही. नंतर निवृत्तीनं मनीऑर्डर केली, ती परत आली. पुन्हा केली, पुन्हा परत आली. नव्या घरात विमल अजून म्हणते, "अहो, त्या भिंतीला देवाची तसबीर लावा की," आणि निवृत्ती म्हणतो, लावू. खिळा ठोकायला त्याचा हात उचलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुणाचं बुडवलं नाही. नसेल. पण कुणीतरी तुमच्यासाठी कुठंतरी सही केलीच आहे ना? कागदावर केली असेल. तुमच्या लग्नात शब्द टाकला असेल, नोकरीसाठी चिठ्ठी दिली असेल, धाकट्या भावानं शाळा सोडून तुमची फी भरली असेल. आणि तुम्ही? आधी घर, आधी गाडी, आधी पोराचं लग्न. मग त्याच्याकडं जाऊ. हात वर करू नका, माना खाली गेल्यात त्या मला इथून दिसतात. माझीही गेलीय.

आरतीचं ताट येईल, त्यात दहा टाका नाहीतर नका टाकू, विठोबाला जामीन लागत नाही. पण तो माणूस अजून हयात असेल तर उद्या सकाळी जा. पैसे असतील तर घेऊन जा, नसतील तर मोकळ्या हातानं जा. तो स्टँडवर वाट बघतोय तोवर जा, त्यानं वाट बघायचं सोडल्यावर जाऊन उपयोग नाही.

आता नामस्मरण करू. पांडुरंगाचं नाव मी घेतो. तुम्ही मनात त्या माणसाचं घ्या.