आक्कांच्या ओटीतली चिठ्ठी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय चिमणाबाई, व्यासपीठावरच्या पाहुण्या, सत्कारमूर्ती आणि माझ्या थोरल्या नणंदबाई यशोदाआक्का, गोदामाई महिला भजनी मंडळाच्या भगिनींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर जेवणाची वाट पाहत बसलेल्या पुरुष मंडळींनो, सगळ्यांना नमस्कार.

मी दहावी पास बाई. मंडळाची वही लिहिते, भाषण पहिल्यांदाच लिहिलंय.

बावीस वर्षं आक्कांनी हे मंडळ सांभाळलं. टाळ कसा धरायचा, कोणत्या वारी काय खायचं नाही, कुणाची सून कुठं चुकली, सगळं त्यांना तोंडपाठ. वैद्यकीसुद्धा त्यांचीच. सत्काराच्या दिवशी तिचा उल्लेख राहून गेला, तर तो अन्याय होईल.

माझी नात आरोही, ही पुढं बसलीय. तीन वर्षांची झाल्यापासून पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दिवसातून पाचदा पोट बिघडायचं. आक्का आल्या, नाडी बघितली नाही, थेट माझ्या सुनेकडे बघितलं. "स्नेहाचं माहेर इगतपुरी. भात खाणारी माणसं, रक्तच पातळ गं यांचं! आमच्या घराण्यात कधी कुणाचं पोट दुखलं नाही." निदान झालं, औषधही मिळालं. सकाळी गव्हाचं सत्त्व, संध्याकाळी तुपातला रव्याचा शिरा. मी मन लावून केलं. पोर आणखी वाळली. आक्का म्हणाल्या, "शिरा वाढव."

नवरात्रात आरोहीनं हट्ट धरला, आजीसारखे नऊ दिवस उपास करीन. भगर, राजगिरा, बटाटा, दाण्याची आमटी. मला सगळं वहीत टिपायची खोड. नऊ दिवस लिहिलं, पोट ठीक. दसऱ्याला पुऱ्या झाल्या आणि रात्री लिहिलं, पोट बिघडलं. आता सांगा, देवीनं नऊ दिवस सांभाळलं आणि दहाव्या दिवशी सोडून दिलं, असं कसं होईल? वही घेऊन मी आणि स्नेहा डॉक्टरांकडे गेलो.

रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली. सिलिअ‍ॅक निघाला. गहू पोटात गेला की आतडंच झिजतं. म्हणजे मी तीन वर्षं नातीला तूप घालून दुखणंच भरवत होते.

डॉक्टर म्हणाले, याची जनुकं आईबापाकडून येतात. शंभरातल्या तीसेक माणसांत ती असतात, पण रोग होतो त्यातल्या एखाद्याला. मग घरातल्यांचं रक्त तपासलं. स्नेहाच्या रक्तात ती नाहीत. माझा मुलगा अश्विन याच्या रक्तात आहेत. माझं तपासलं, माझ्यात नाहीत. मग ती अश्विनकडे कुठून आली? राहिलं त्याच्या वडिलांचं, म्हणजे कोणतं घराणं? आक्का, पंख्याकडे बघू नका, सांगते मी. पोट कधी न दुखलेलं घराणं!

ज्या घराण्यात पोट दुखत नाही, तिथं आक्का चाळीस वर्षं ओव्याचं पाणी पितात. रक्त कमी म्हणून इंजेक्शनं झाली, तोंड सतत आलेलं. त्याला आक्का दृष्ट म्हणतात. डॉक्टर म्हणाले, त्यांचं रक्त तपासा. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "माझं पोट शुद्ध आहे. माझं रक्त मागणारी तू कोण?"

पुढच्या श्रावणात आक्कांकडे सत्यनारायण होता. आरोहीच्या हातावर शिरा ठेवून म्हणाल्या, "चिमूटभर घे. देव काय विष देतो का?" देव देत नाही हो. रवा आपण आणतो. पोर चार दिवस अंथरुणावर होती. मी तेव्हा तिथंच हात जोडून बसले होते. बोलले नाही. ते आज बोलतेय.

रक्तात काय आलं, याचा दोष कुणाचाच नाही. स्नेहाचा नाही, आक्का, तुमचाही नाही. पण इतकी वर्षं चुकीच्या दारात ठेवलेला दोष उचलायला कुणीतरी वाकायला हवं. आणि तुम्ही आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात. तुमच्यासारखं टोचून बोलणारं दुसरं कोण आहे?

आजचा प्रसाद राजगिऱ्याचा आहे, आरोहीसकट सगळ्यांनी घ्यावा. ज्यांनी मंडप घातला, सतरंज्या अंथरल्या, आणि माझं एवढं ऐकून घेतलं, त्या सगळ्यांचे आभार. शब्द तिखट झाले असतील, तर अडाणी बाईचं बोलणं समजून सोडून द्या.

आता आक्कांची ओटी स्नेहा भरेल. खण आहे, नारळ आहे, आणि नारळाला बांधलेली रक्त तपासायची चिठ्ठी आहे. उद्या सकाळी सातला अश्विन गाडी घेऊन येईल. तोवर पोळी सोडू नका, गहू खाताखाताच तपासणी खरी निघते म्हणे. आणि आक्का, नाही म्हणायला तोंड उघडण्याआधी आठवा. ओटीतलं परत करायचं नसतं, हे लग्नानंतर पहिल्याच दिवशी मला तुम्हीच शिकवलंत.

पदर पसरा.