अभिप्रायाची वही

शनिवारी सभासद आठवड्याच्या भाजीचा वाटा न्यायला मळ्यावर रांग लावायचे. मळेवाली क्रेटांच्या आडोशाला पालकाच्या जुड्या बांधत बसली होती. रांगेतल्या नवराबायकोला ती दिसत नव्हती, तिचे कान मात्र तिकडेच होते.

"पुन्हा नवलकोल? हा सलग पाचवा आठवडा."

"हळू बोला."

"वहीत 'नवलकोल अप्रतिम, अजून हवेत' असं कुणी लिहिलं?"

"ती समोर उभी होती हो. तिच्या देखत कसं लिहू, की आमच्या घशाखाली उतरत नाहीत?"

"म्हणून तिने आणखी दोन वाफे लावले."

"आपल्याला काय त्रास? मी सगळे वन्संना देऊन टाकते."

"ताईला? तिने कालच मला पिशवीभर नवलकोल दिले. म्हणाली, वहिनीला फार आवडतात."

मळेवाली हातातली जुडी ठेवून उठली. दोघं एकदम वांगी निरखायला लागली.

"खरं सांगू वहिनी? आमच्याही घरात नवलकोल कुणी तोंडात घालत नाही. तुमच्या त्या एका ओळीवर लावलेत. ही घ्या वही. या वेळी अगदी मनातलं लिहा."

वही देऊन ती हाताची घडी घालून समोरच उभी राहिली. बाईंनी पेन बराच वेळ नुसतं धरलं, मग भराभर लिहिलं. नवऱ्याने खांद्यावरून वाकून वाचलं.

"अगं, 'आणखी एक वाफा चालेल'?"

"मग काय करू? बघतेय ना ती."