पहिल्यांची पाचव्यांशी मॅच

हाडांच्या डॉक्टरांकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी एक मावशी आणि मनगटाला पट्टा बांधलेली तिची भाची.

“कॉम्प्युटरवरच्या खेळात अख्ख्या विभागात पहिल्या आलात, आणि बक्षीस एवढंसंच?”

“आपला विभाग छोटा धरतात, मावशी. मोठ्या विभागात आठव्या आलेल्या टीमला आमच्या तिप्पट मिळतं.”

“म्हणजे पहिल्या येऊनही तुम्ही नवव्याच. आणि ती जागतिक स्पर्धा?”

“त्यांच्या चार टीम थेट जातात. आम्हाला आधी त्यांच्या पाचव्या टीमला हरवावं लागतं.”

“पहिल्याने पाचव्यापुढे परीक्षा द्यायची? ही कुठली रीत?”

“दिली ना. रविवारी तीन-शून्य हरवलं त्यांना. त्यातच मनगट गेलं.”

“मग आता तरी तोंडं बंद झाली असतील.”

“काल पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून ती मॅचच रद्द. छोट्या विभागाला जागाच नाही.”

“जिंकलात म्हणून दारच बुजवलं मेल्यांनी. आणि या वर्षी?”

“या वर्षी जायचंय. तीन आठवड्यांत हात बरा झाला तर.”

आतून शिवणवाल्या बाईंचा नंबर पुकारला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“आधी हिला घ्या,” त्या म्हणाल्या.