मागे घेतलेला खटला

हॅलो?… हॅलो, कोण?… कांता! अगं, नाशकाहून ट्रंक कॉल? मला वाटलं, आईला काही झालं. खालच्या डॉक्टरांचा कंपाउंडर फोन आलाय म्हणून बोलवायला आला, तशी तव्यावरची भाकरी टाकून खाली धावत आले…

हो, हो, बढती मिळाली. पेपरात आलं? गुणाजी गमरे, सरकारी वकील… हो, तुझे भावोजीच… पेढे? पेढे कसले वाटतेस गं!… नाही, रडत नाही. ऐक ना.

तो धोंडू आठवतो? करी रोडचा. नागपूरला दीक्षेच्या वेळी आपल्याबरोबर होता… हां, तोच, उंच. गिरणीत कामाला होता, पण विणाई खात्यात त्याला घेत नव्हते… का म्हणजे? मागावर धोटा असतो ना, आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा, त्यातली सुताची कांडी बदलली की नवा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागतो. मग आपल्या माणसानं तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा कसा तोंड लावणार!… हो, अजून. अठ्ठावन्न साल उजाडलं तरी.

ह्यांनी खटला भरला. चौदा वर्षं सरकारतर्फे कामगारांच्या तक्रारी लढवतायत, आणि नवा कायदा आल्यापासून शिवाशिवीचे खटलेही ह्यांच्याच टेबलावर. दोन वर्षं साक्षीदार जमवले. अकरा जण. एकेकाच्या खोलीवर जाऊन, विनवून.

जिंकले? अगं, चालूच दिला नाही! ह्यांचे वरचे साहेब म्हणाले, गिरणगावात आधीच मोर्चे, त्यात हा भडका नको, मागे घ्या… युनियन? तिकडेही गेले होते. तर म्हणे, आत्ता एकी फुटेल, मुंबई महाराष्ट्राच्या हाती येऊ दे, मग दोऱ्याचं बघू… हो ना! एरवी सरकार नि युनियन एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

सोमवारी कोर्टात ह्यांनाच उठून सांगावं लागलं, सरकार खटला मागे घेतंय. धोंडू मागून ओरडला, "सायेब, सरकार म्हंजे कोन? तुमीच ना?"… हे खाली बसले. आणि गुरुवारी बढतीचा कागद.

मीही तेच म्हटलं, फेका त्यांच्या तोंडावर! तर म्हणतात, "मीरा, मी उठलो तर त्या खुर्चीत पुन्हा आपला माणूस बसवतील का?"… खरंय गं. खरंय म्हणून तर जास्त राग येतो.

हॅलो? ऐकू येतंय?… आज धोंडू आला होता. गिरणीनं काढलं त्याला. म्हणाला, निदान कामावरून काढल्याची केस तरी चालवा. हे मान खाली घालून म्हणाले, सरकारी वकिलाला खाजगी काम घेता येत नाही, दुसऱ्या वकिलाचं नाव लिहून देतो… छे, भांडला नाही. चिठ्ठी घेतली नि वळला.

हे? कोट घातला नि गेले ऑफिसला.

मी तांब्या घेऊन जिन्यात गाठलं त्याला. म्हटलं, भाऊ, उन्हातनं आलास, घोटभर पाणी तरी पी… तांब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको वहिनी. इथलं नको."

नाही गं कांता, तहान होती त्याला. ओठ सुकले होते. आपल्याच माणसानं, आपल्या घरचं… हॅलो? कांता?… हॅलो?