दोन श्रावण आणि आमचा घाणा

म्या शेवंता, पाली गावची, राजगडाच्या पायथ्याची. बाप बैल राखायचा, आन दिली तेल्याच्या घरात, म्हंजी बैल काय सुटला न्हाई. खुरासणीचा घाणा व्हता आमचा. मालक तेल घिऊन बाजारला जायाचे आन म्या घाण्यामागं फिरायची, दिवसभर, डोकं गरगरंस्तवर. दर साली संस्थानच्या कचेरीत घाण्याचं पत्रक द्यावं लागायचं, किती गाळलं, किती इकलं, त्यावर कर. मुदतीत पत्रक न्हाई गेलं की घाणा बंद, परवाना दुसऱ्याला. मंग खायाचं काय?

आमाला कुठलं लिवता येतंय. भोरला कचेरीच्या ओट्यावर काका बसायचे, अर्जनवीस, समद्यांची पत्रकं तेच लिवायचे. लई रागीट माणूस. कागद भिजला तर वरडायचे, पर लिवलेलं कदी माघारी आलं न्हाई.

तर इंग्रज गेला त्या सालची गोष्ट. मुदत आषाढ अखेर व्हती. पर नद्या अशा भरल्या की माणूस पल्याड जाईना, म्हून कचेरीनं मुदत वाढवली. दवंडी आली, पत्रकं श्रावण अखेरपातुर घेणार. काय सांगू तुमाला, म्या तर बघतच ऱ्हायले. सरकारनं ठरवलेला दिवस सरकारच उचलून पुढं ठेवतंय, येवढी ताकद! मला वाटायचं दिवस फकस्त देव हलवतो.

पर त्या साली श्रावण दोन. आदी धोंड्याचा, मंग खरा. आता कंचा श्रावण? गाव म्हणालं, अगं धोंड्याचा महिना कुणी धरतं व्हय, त्यात लगीन न्हाई, मुंज न्हाई, मंग कर कसा आसंल, बसा निवांत. समदे बसले. मालकांना मिरगापासनं ताप यायचा जायचा, तेबी म्हणाले बसू. माझा जीव मातुर लागंना. म्या म्हणलं, चला इचारून तरी येऊ. धोंड्याचा महिना सरायला आला व्हता, नदीचं पाणीबी वाईच उतरलं व्हतं. बसत उठत, डोंगर चढत उतरत, भोर गाठलं तवा दुपार झाली व्हती.

ओट्यावर काका न्हाईत. कुणी सांगितलं, सासुरवाडीला जेवाय गेलेत, धोंड्याचं वाण हाय, जावईबापू आज उठायचे न्हाईत. सासुरवाडी गावातच, दोन आळ्या सोडून. मालक म्हणाले ऱ्हाऊ दे, जेवत्या माणसाला काय उठवायचं. म्या गेले. दारात हुबी ऱ्हायले, भिजलेली, चिखलानं भरलेली. आत पाटावर काका, म्होरं पुरणाचे धोंडे, तुपाची धार चाललेली. म्या इचारलं, काका, श्रावण कंचा?

काकांचा हात थांबला. ताट सारून उठले. त्यांची सासू रडकुंडीला आली, अहो वाणाचं ताट हाय, असं उठू नये. काका म्हणाले, कुठला श्रावण ते मलाही ठाऊक नाही, म्हणूनच उठतोय. आज दिलं तर दोन्हीत बसतं.

आमी कोण त्यांचे? तितंच ओसरीवर कागद काढला. मालकांना इचारलं, घाणा चालवतं कोण? मालक म्हणाले, खरं सांगू का, हीच चालवती, म्या नुसतं इकतो. काकांनी तसंच लिवलं, वाचून दावलं, मालकांचा अंगठा घेतला आन सोता कचेरीत नेऊन दिलं.

महिना सरला तवा कचेरीनं सांगितलं, मुदत खऱ्या श्रावणाची. गाव लई हसलं. शेवंते, एका भल्या माणसाला उपाशी उठवलंस की गं. मालकबी हसले. ते हसले तेच शेवटचं. खऱ्या श्रावणाचे चार दिवस बी त्यांना बगाय मिळाले न्हाईत, तापातच गेले.

दीर म्हणाला, आता घाणा माझा. भोरला गेला, कचेरीनं त्याला पत्रक वाचून दावलं. घाणा बायको चालवते, खाली मालकांचा अंगठा. गुमान माघारी आला. आमी बसलो आसतो निवांत, तर तो अंगठा म्या कुठनं आणला आसता वो?

काकांच्या पाया पडाय गेले तर वसकन अंगावर आले, पाया कसली पडतेस, पुढच्या साली लवकर ये. आता संस्थान गेलं, पुण्याचा अंमल आला, मुदतीबी इंग्रजी तारखेच्या. काका सोता नव्यानं शिकत्यात, च्यष्मा लावून. औंदा पत्रक माझ्या नावचं. काकांनी शाई म्होरं सरकवली तवा मला मालकांचा अंगठा आठवला, म्या हात मागं घेतला. काका वरडले न्हाईत. थांबले. मंग म्या अंगठा लावला. देव त्यांना उदंड आयुष्य देवो.